पत्त्यावर लिहिलं की यंत्र हलतं

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात रेंज येते-जाते, म्हणून ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा भाग इथं लिहून देतोय. आजची गोष्ट आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला पोचते. सुरुवात मात्र 1970 च्या अमेरिकेत.

त्या वर्षी पीडीपी-11 हा कॉम्प्युटर आला. बाहेरच्या यंत्रांशी बोलायला त्यात वेगळी आज्ञाच नव्हती. मेमरीच्या 64 किलोबाइट पत्त्यांपैकी शेवटचे 8 किलोबाइट यंत्रांना देऊन टाकले होते. ऑक्टल 177566 या पत्त्यावर एक अक्षर लिहा. ते साठत नाही, टेलिटाइपवर खाडकन छापलं जातं. अशा पत्त्यामागे बसलेलं ते यंत्राचं रजिस्टर. (डिप्लोमाला 8085 शिकलेल्यांना इन आणि आउट आठवतील. ती इंटेलची वेगळी वाट.)

सी भाषा याच मशीनवर वाढली. तिचा पॉइंटर कुठल्याही पत्त्यावर बोट ठेवतो, त्यामुळे यंत्राचं बटणही थेट दाबता यायचं. पुढे कंपायलर हुशार झाले आणि घोळ झाला. ‘छपाई झाली का?’ असं रजिस्टरला पुन्हा पुन्हा विचारणारा लूप लिहिला, तर कंपायलर म्हणणार, इथं कोणी काही लिहीतच नाही, एकदा वाचलं की पुरे! लूप अडकला कायमचा. म्हणून 1989 च्या सी प्रमाणात ‘व्होलाटाइल’ हा शब्द आला. अर्थ साधा: ही जागा माझ्या नकळत बदलते, दरवेळी जाऊन बघ.

लिनक्सवर अजून एक भिंत आहे. प्रत्येक प्रोग्रामला खोटे पत्ते मिळतात, खरे कर्नलकडे. रूट असाल तर डेव्ह-मेम ही फाइल उघडून एम-मॅपनं खऱ्या पत्त्याचा तुकडा आपल्याकडे ओढता येतो. 2012 च्या पहिल्या रास्पबेरी पायवर पोरांनी हेच केलं: हेक्स 20200000 वर जीपीआयओ, लिहिलं की एलईडी लागला. 2015 मध्ये पाय 2 आला आणि जीपीआयओ 3एफ200000 वर गेला. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं तरी गावं जिथल्या तिथं आहेत. इथं उलटं झालं. पत्ता तोच, पण तिथं आता साधी रॅम राहायला आलेली. जुना कोड एलईडी लावायला जायचा आणि दुसऱ्याच कुणाच्या डेटावर लिहायला बघायचा.

आता खोडद. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. अपग्रेडमध्ये तिथं ‘रोच’ नावाचे बोर्ड आले: एका बाजूला सिग्नल चघळणारी एफपीजीए चिप, शेजारी लिनक्स चालवणारा छोटा पॉवरपीसी प्रोसेसर. एफपीजीएची रजिस्टरं त्याला मेमरीसारखीच दिसतात. अशा बोर्डांसाठी बर्कलेत ‘बॉर्फ’ नावाचं बदललेलं लिनक्स तयार झालं होतं. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे रजिस्टर चक्क फाइल झालं. पॉइंटर नको, एम-मॅप नको. फाइल वाचा, फाइलीत लिहा.

पण सोपं झालं म्हणून धोका गेला नाही. या प्रकारच्या बोर्डांवर डेटाचं पॅकेट कुठल्या मशीनकडे जाणार, हेही साधारणपणे रजिस्टरमध्येच लिहितात. तो आकडा चुकला, तर डिश रात्रभर आकाश ऐकत राहते आणि ऐकलेलं कुठंच पोचत नाही.