गांवचा पहारा व त्याचा खर्च

पगारी पोलिसांचा खर्च गांवास झेपत नसल्यास स्वयंसेवकांकडून बंदोबस्त राखावा, ही कल्पना नवी समजली जाते. आमच्या मतें ती जुनीच आहे. मात्र तिच्या जुन्या रूपाविषयींचा एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे.

पेशवाईंत गांवच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची असे व रात्रीचा पहारा जागल्या करी. चोरी झाल्यास तो चोराचा माग काढी. माग शेजारच्या शिवेंत पोंचविला म्हणजे पुढील शोध त्या गांवाकडे जाई. न पोंचविल्यास भरपाईचा बोजा गांवावर येई. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालांत या पद्धतीचें वर्णन आहे.

यावरून जागल्या फुकट राबे असें अनुमान काढणें बरोबर नव्हे. त्यास सरकारी पगार नव्हता, तरी इनाम जमीन अथवा धान्याचा हक्क असे. खर्च होताच; तो गांव सोशी.

पुढें १८६१ च्या पोलीस कायद्यानें रहिवाशांतून विशेष पोलीस अधिकारी नेमण्याची सोय केली. मुंबई प्रांतांत डिसेंबर १९४६ मध्यें होमगार्ड दल निघालें. छत्तीसगडांत मात्र अल्पशिक्षित आदिवासी तरुणांस थोड्या मानधनावर विशेष पोलीस अधिकारी नेमून नक्षलवाद्यांविरुद्ध उभें केलें गेलें. ५ जुलै २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही योजना घटनाबाह्य ठरविली.

तात्पर्य, स्वस्त बंदोबस्ताची किंमत कोणी तरी देतोच. जुन्या व्यवस्थेंत ती गांव धान्यानें देई. छत्तीसगडांत ती त्या तरुणांनीं प्राणांनीं दिली.