मूल बालकल्याण समितीकडे, वडील व्यसनात: उपचारांची सुरुवात कशी करावी?

वडिलांच्या दारूमुळे मुलांची आबाळ किंवा मारहाण होऊ लागली, की शेजारी किंवा शाळा १०९८ या क्रमांकावर कळवतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अशा मुलाला २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. त्यानंतरची सगळी धावपळ आई, आजी किंवा मामा करतात. वडिलांना मात्र 'दारुडा' म्हणून बाजूला ठेवले जाते. तुम्ही त्यांचे नातेवाईक असाल, तर त्यांना उपचारांपर्यंत नेण्यात तुमचा मोठा वाटा असू शकतो.

समिती काय पाहते?

मुलाची सुरक्षितता सर्वांत आधी. मात्र मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानावा, असे याच कायद्याचे तत्त्व आहे. मूल घरी परत पाठवण्याआधी घर सुरक्षित आहे का, हे तपासले जाते. म्हणून वडील नियमित उपचार घेत आहेत हे कागदावर दिसणे उपयोगी ठरते. केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या आणि समुपदेशनाच्या तारखा एका फाइलमध्ये जपून ठेवा. तरीही नुसती हजेरी पुरेशी नाही. घरातले वागणेही बदलावे लागते.

ते उपचार का टाळतात?

- उपचारांना गेलो म्हणजे गुन्हा कबूल केला, असे त्यांना वाटते.
- भरती झालो तर रोजंदारी बुडेल, ही चिंता असते. प्रत्येकाला भरती व्हावे लागत नाही. अनेकांवर बाह्यरुग्ण विभागात उपचार होतात.
- डॉक्टर सगळे समितीला सांगतील, अशी भीती असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार काही अपवाद वगळता रुग्णाची माहिती गोपनीय ठेवावी लागते. कोणती माहिती समितीकडे जाईल, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा.

बोलायचे कसे?

ते प्यायलेले नसताना, शक्यतो सकाळी आणि मुले समोर नसताना बोला. 'तुझ्यामुळे पोरं गेली' या वाक्याने माणूस गप्प होतो किंवा भांडतो. त्याऐवजी विचारा, 'पोरं घरी आली तर संध्याकाळी सातला तू कुठे असशील?' वडील म्हणून काय करायचे आहे, हे त्यांच्या तोंडून येऊ द्या. मग पुढचे पाऊल लहान ठेवा: उद्या केसपेपर काढायचा, मी सोबत येतो. उपचारांची आणि सुनावणीची तारीख एकाच दिवशी आली, तर समितीला आधीच लेखी कळवा.

मुलाला मात्र यात ओढू नका. 'तू सांग, म्हणजे बाबा सोडतील' हे ओझे मुलाचे नाही. मारहाणीचा इतिहास असेल, तर भेट समितीच्या परवानगीने आणि देखरेखीखालीच व्हावी.

दोन धोके टाळा

*दारू एकदम बंद करणे.* रोज भरपूर पिणाऱ्याने ती अचानक थांबवली, तर ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, असंबद्ध बडबड आणि ताप दिसू शकतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. 'सुनावणीआधी घरीच सोडतो' असे ते म्हणाले, तर आधी डॉक्टरांना दाखवा. औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुरक्षितपणे पार पाडता येतो.

*चहात किंवा जेवणात गुपचूप गोळी घालणे.* डायसल्फिरामवर दारू प्यायल्यास उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, हृदयावर ताण येतो. मृत्यूही ओढवू शकतो. ही गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

पुन्हा प्यायले तर?

व्यसन हा उलटणारा आजार आहे. एकदा पिणे म्हणजे सगळे संपले असे नाही, पण ते लपवणे धोक्याचे. त्या रात्री मुले कुठे झोपतील, कोणाला फोन करायचा, हे आधीच ठरवून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा आणि समितीला विचारल्यावर खरे सांगा.

मदत कुठे मिळेल?

जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, व्यसनमुक्ती केंद्रे आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मोफत सभा हे मार्ग आहेत. कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे मोफत क्रमांक आहेत.

लगेच मदत घ्या: फिट येणे, भास होणे, शुद्ध हरपणे, रक्ताची उलटी किंवा आत्महत्येची भाषा असल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्या. मुलाला किंवा कोणालाही मारहाण होत असल्यास ११२ वर फोन करा.