वस्तू राखण्याची विद्या

1974 सालची गोष्ट. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे ओसाड पांढरीचे ठिकाण आहे. तेथे एक भिल्ल शेतकरी एका झुडुपाचे बूड खणत होता. खणता खणता कुदळ धातूवर आपटली. माती बाजूला केली तर काशाच्या चार वस्तू निघाल्या. एक बैल जोडलेला रथ, त्यावर उभा सारथी. एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. मोडीच्या भावाने विकल्या असत्या तरी त्या काळी चांगले पैसे आले असते. सुदैवाने त्या भट्टीत गेल्या नाहीत. आज तीन जनावरे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, आणि रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

वस्तू वाचल्या, हे खरेच. पण पुढे काय झाले ते पाहा. कोणी विद्वान म्हणाले, ह्या वस्तू उत्तर-हडप्पा काळातल्या, जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या. दुसरे म्हणाले, ह्यांच्या धातूत सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे, प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे, तेव्हा त्या इतक्या जुन्या नसाव्यात. चार हजार वर्षे की दोन हजार वर्षे? फरक थोडाथोडका नाही. हा वाद पडला, कारण वस्तू निघाल्या त्या क्षणी कोणी जाणते माणूस तेथे नव्हते. भोवतीची माती कोणत्या रंगाची होती, शेजारी खापरे कोणती होती, थर कितवा होता, हे कोणी लिहून ठेवले नाही. पुढे पुरातत्त्व खात्याने त्या जागी चांगले पद्धतशीर उत्खनन केले, पण एकदा उकरलेली माती पुन्हा जशीच्या तशी रचता येत नाही. त्या शेतकऱ्याला आपण बोल लावणार नाही. त्याला हे कोणी शिकवले होते?

आता मी आज ज्या विषयाबद्दल सांगणार आहे तो ह्या प्रश्नाशीच निगडित आहे. संग्रहालयशास्त्र म्हणून एक विद्या आहे, तिची विद्यापीठात पदव्युत्तर पदवी मिळते, आणि ती पदवी आपल्या देशात प्रथम कोठे व कशी सुरू झाली, हा इतिहास मला सांगायचा आहे. महाविद्यालयात शिकवताना मला अनुभव येतो की इतिहासाचा एखादा हुशार विद्यार्थी ह्या पदवीचे नाव काढतो, आणि घरची मंडळी हसतात. “अजबखान्यात वस्तू पुसायला एम. ए. कशाला लागते?” असा त्यांचा सवाल असतो.

सवाल अगदीच चुकीचा नाही. आपल्याकडे संग्रहालय म्हणजे अजबखाना, अशीच समजूत फार दिवस होती. बंगाल्यात तर त्याला जादूघर म्हणत. कलकत्त्याचे संग्रहालय 1814 साली सुरू झाले, मद्रासचे 1851 साली. मुंबईत भायखळ्याचे संग्रहालय 1872 साली लोकांना खुले झाले. 1975 पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. मुंबईच्या दुसऱ्या मोठ्या संग्रहालयाची कथा ऐकण्यासारखी आहे. कोनशिला बसली 1905 साली, इमारत 1914 च्या सुमारास तयार झाली, आणि लगेच पहिले महायुद्ध लागल्यामुळे तेथे लष्करी इस्पितळ आले. संग्रहालय म्हणून ती उघडली 1922 च्या जानेवारीत. इमारती अशा एकामागून एक उभ्या राहिल्या. पण आत बसून त्या वस्तूंची निगा कोणी करायची, ह्याचे शिक्षण कोठेच नव्हते. कोणी भूगर्भशास्त्राचा जाणकार, कोणी वैद्य, कोणी नाण्यांचा षौकीन. ज्याला गोडी त्याच्या गळ्यात किल्ल्या.

परदेशातही हे शिक्षण फार जुने आहे असे समजू नका. पॅरिसला लूव्र संग्रहालयाची शाळा 1882 साली निघाली. अमेरिकेत 1908 साली फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात सेरा यॉर्क स्टीव्हन्सन या बाईंनी वर्ग काढला, आणि 1920 नंतर हार्वर्डला पॉल सॅक्स यांनी शिकवलेले विद्यार्थी पुढे तिकडच्या मोठमोठ्या संग्रहालयांचे प्रमुख झाले. आपल्याकडे 1936 साली मार्खम आणि हार्ग्रीव्ह्ज या दोघांनी हिंदुस्थानातल्या संग्रहालयांची पाहणी प्रसिद्ध केली. अखंड हिंदुस्थानात त्यांना संग्रहालये आढळली 105. लोकसंख्या पस्तीस कोटींच्या आसपास. म्हणजे तेहेतीस लाख माणसांमागे एक संग्रहालय! आणि जी होती त्यांच्या अवस्थेविषयीही अहवालाचा सूर टीकेचाच होता.

ह्या पार्श्वभूमीवर बडोद्याकडे या. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा 1875 साली दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला, ही कथा शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. सयाजीराव महाराजांनी अमरेली तालुक्यात 1893 साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, 1906 साली ते सबंध राज्याला लावले. आणि बडोद्याचे संग्रहालय उभे राहिले तेही त्याच सुमारास, 1894 साली. आपल्याला न कळत दोन कामे जोडली गेली, असे नव्हे. रयतेला अक्षर शिकवायचे आणि त्याचबरोबर जगातल्या वस्तू डोळ्यांनी पाहायला द्यायच्या, असा तो विचार होता. त्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे, आणि पुढे निळ्या देवमाशाचा सांगाडाही आला. खेड्यातून आलेला माणूस तो सांगाडा पाहून आजही थक्क होतो.

आणखी एक गोष्ट महाराजांनी केली, तिच्याकडे इतिहासकारांचे असावे तितके लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. ग्रंथालये काढण्यासाठी त्यांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावले, आणि 1911 साली बडोद्यात ग्रंथपालांसाठी शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. पुस्तके विकत घेऊन कपाटात ठेवली म्हणजे ग्रंथालय झाले नाही. ती सांभाळणारा, शोधून देणारा माणूस शिकून तयार करावा लागतो, हे त्या राजाला तेव्हा कळले होते. पुस्तकांच्या बाबतीत जे पटले ते वस्तूंच्या बाबतीत पटायला आणखी चाळीस वर्षे लागली.

महाराज 1939 साली वारले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ 1949 साली स्थापन झाले. हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या. त्या वेळी बडोदा संग्रहालयाचे संचालक होते हर्मन गोएट्झ. हे जर्मन गृहस्थ हॉलंडमार्गे 1936 साली हिंदुस्थानात आले होते आणि भारतीय कलेच्या अभ्यासात रमून गेले होते. त्याच दिवसांत, 1951 साली, बडोद्यालगत आकोटा येथे अडुसष्ट जैन धातुमूर्तींचा साठा सापडला. पाचव्या-सहाव्या शतकापासूनच्या मूर्ती! त्यांचा सखोल अभ्यास उमाकांत शाह यांनी केला आणि 1959 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एका बाजूला जाणती माणसे, दुसऱ्या बाजूला भरलेले संग्रहालय, मध्ये नवे विद्यापीठ. असा योग जुळून आला आणि 1952 साली बडोद्याच्या विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला. भारतातला हा पहिला. पुढे कलकत्ता विद्यापीठानेही हा विषय घेतला, बनारस व अलीगढला तो आला, आणि दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयाची स्वतंत्र संस्था 1989 साली निघाली. महाराष्ट्रातल्या मुलाला मुंबईतही ह्या विषयाची पदव्युत्तर पदविका घेता येते.

तेथे शिकवतात काय? इतिहासाबरोबर थोडे रसायन, थोडे सुतारकाम, थोडे हिशेबनीसाचे काम, आणि पुष्कळसे शिक्षकाचे काम, असे म्हटले तर चालेल. म्हणून तर ह्या विषयाकडे कला, विज्ञान, चित्रकला अशा सगळ्या शाखांची मुले येतात. रसायनाचेच घ्या. आपल्या घरी देवाचे तांब्याचे भांडे चिंचेने घासून लख्ख करतात. ते रोजच्या वापरात ठीक. पण जमिनीत सापडलेला ताम्रपट कोणी चिंच आणि राख लावून घासला, तर एका दानपत्राची अक्षरे आपण आपल्या हाताने पुसून टाकतो. उलट, काही तांब्याकाशावर फिकट हिरवी भुकटी येते. ती जमिनीतल्या क्षारांमुळे, दमट हवेत धरते, आणि रोगासारखी पसरत जाऊन वस्तू आतून खाते. कोणती हिरवाई वस्तूचे कवच आहे आणि कोणती तिचा रोग, हे ओळखायला शिकावे लागते. मोडी कागदांचेही तसेच. जुने लोक दफ्तर रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवीत, पोथीत वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला घालीत. त्यात शहाणपण होते. आजचा माणूस फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावतो. दहा-वीस वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डाग मात्र अक्षरांवर कायमचा बसतो.

पण ह्या सगळ्याहून मोठे काम आहे नोंदीचे. वस्तू आत आली की तिला क्रमांक मिळाला पाहिजे, आणि त्या क्रमांकापुढे ती कोठून आली, कोणी दिली, कशासाठी वापरीत, हे लिहिले पाहिजे. येथे एक आक्षेप येतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे, ह्यांच्यापाशी कोणती पदवी होती? त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्ये, कोरीव दारे गोळा केली, अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले, आणि 1975 साली तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली आपल्या लहानशा संस्थानात चित्रांचे संग्रहालय उभारले. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. तेथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या मातीत मिळालेल्या मूर्ती, मणी, खापरे जपली, आणि त्यातून आज सरकारी संग्रहालय झाले आहे. पदवीवाचून जर एवढे होते, तर पदवी हवी कशाला?

माझे उत्तर असे आहे. वेड्या माणसावाचून संग्रह होत नाही, आणि वेड विद्यापीठात शिकवता येत नाही. पण गोळा करणाऱ्याला प्रत्येक वस्तूची कथा तोंडपाठ असते. हा अडकित्ता कोणाच्या घरचा, तो दिवा कोणत्या यात्रेत मिळाला, हे तो झोपेतून उठवले तरी सांगेल. तो माणूस गेला की कथा त्याच्याबरोबर जाते आणि कपाटात नुसता अडकित्ता उरतो. म्हणून त्याच्या मागून येणारा शिकलेला माणूस हवा. तो वेडा नसला तरी चालेल. नेटका आणि प्रामाणिक असला म्हणजे झाले.

बडोद्याच्या विभागात शिकवणारे प्रा. व. ह. बेडेकर ह्यांनी ह्याच्याही पुढचा विचार मांडला. भारताला कोणते नवे संग्रहालयशास्त्र हवे, ह्याविषयी त्यांचे इंग्रजी पुस्तक 1995 साली निघाले. संग्रहालय हे लोकांच्या सहभागाने चालावे, त्यांच्या जगण्याशी त्याचे नाते असावे, ह्या विचाराचा त्यांनी पुरस्कार केला. खेड्यातल्या माणसाला हा विचार आपला वाटेल. आपल्या गावची वस्तू दिल्लीला गेली याचा अभिमान वाटतो खरा, पण नातवाला ती दाखवायची तर गाडीचे भाडे किती होते, हाही विचार मनात येतोच की!

पदवी घेऊ पाहणाऱ्या मुलांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ह्या क्षेत्रात जागा थोड्या आहेत, सरकारी जागा भरायला वेळ लागतो, आणि पगारावर डोळा ठेवून येणाऱ्याची निराशा होईल. ज्याला दफ्तराचा रुमाल सोडताना धुळीचा वास आवडतो, त्याने जरूर यावे.

शिक्षक बंधुभगिनींना मात्र पदवीची वाट पाहण्याचे कारण नाही. पुष्कळ शाळांत एखाद्या कपाटात मुलांनी आणलेली नाणी, खापरे, जुनी मापे पडलेली असतात. शेर, पायली, अधोली ही मापे आता मुलांनी पाहिलेलीसुद्धा नाहीत. एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि तो वस्तूवर न खरडता दोऱ्याने चिठ्ठी बांधून लावा. वहीत तारीख, आणणाऱ्याचे नाव, सापडल्याची जागा, शेताचा गट नंबर, किती खोल, शेजारी काय होते, आणि घरातली वस्तू असल्यास आजीने तिच्याबद्दल काय सांगितले, हे लिहा. आजीचे शब्द तिच्याच बोलीत लिहा. शुद्ध करू नका. वस्तू घासू नका, धुऊ नका.

आणि जमिनीत काही मोलाचे निघाले, तर कायदाही ठाऊक असावा. 1878 च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. पुरावस्तूंसाठी 1972 चा वेगळा कायदा आहे. त्यात साधारणपणे शंभर वर्षांची वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांचे, पुरावस्तू ठरते आणि तिला परदेशी विकायला बंदी आहे. तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला सांगितले की बातमी वर जाते. अधिकारी येईपर्यंत खड्डा बुजवू नका आणि वाढवूही नका. वर एक गोणपाट टाका, चार दगड ठेवा, आणि शाळेतल्या गुरुजींना वही घेऊन बोलवा.