खिशात मावलेली मैफल

संगीत ही एके काळी जागेला आणि वेळेला बांधलेली गोष्ट होती. ते ऐकावयाचे असेल तर ते जेथे चालू असेल तेथे आपण उठून जावयाचे, हा नियम सर्वांच्या अंगवळणी पडलेला होता. बदामीजवळच्या बनशंकरीची जत्रा घ्या. ही देवी म्हणजे शाकंभरी, आणि महाराष्ट्रातील कितीतरी घराण्यांची ती कुलस्वामिनी. पौषातील पौर्णिमेच्या सुमारास तिची जत्रा भरते आणि कन्नड नाटक कंपन्या तेथे तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे खेळ करतात. देवीचे दर्शन, बाजारहाट आणि रात्री नाटक असा यात्रेकरूंचा क्रम ठरलेला. कंपनी नाटक म्हटले की गाणे आलेच. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारख्या गवयाचे बालपण अशाच एका फिरत्या नाटक कंपनीत गेले, हे सांगितले म्हणजे त्या तंबूंची योग्यता निराळी सांगावयास नको.

बंगळूरची बनशंकरी ही या बदामीच्या देवीचेच दक्षिणेकडील ठाणे. कनकपुरा रस्त्यावर १९१५ साली तिचे मंदिर उभे राहिले. पुढे शहर वाढत वाढत देवीच्या दारापर्यंत आले आणि तिला ओलांडून पुष्कळ पुढे गेले. आज बनशंकरी हे एका विस्तीर्ण उपनगराचे नाव आहे आणि २०१७ पासून त्या नावाचे मेट्रो स्थानकही आहे. आम्हां तेथील मराठी रहिवाशांना ते नाव उच्चारताना कुलदेवतेचा भास होतो, ही गोष्ट वेगळी. त्या स्थानकाच्या फलाटावर सकाळी उभे राहिले म्हणजे निम्म्याअधिक माणसांच्या कानांत काहीतरी घातलेले दिसते. प्रत्येकाची मैफल स्वतंत्र चालू आहे आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तिचा पत्ता नाही. जत्रेतल्या तंबूपासून या फलाटापर्यंत संगीत कसे येऊन पोचले, याचा थोडा मागोवा घेण्याचा माझा विचार आहे.

पहिले पाऊल पडले ते १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग आपली यंत्रे घेऊन कलकत्त्यास उतरला आणि गौहरजान या प्रख्यात गायिकेचा आवाज त्याने तबकडीवर उतरवून घेतला. जी कला तास दोन तास फुलवावयाची, ती तीन मिनिटांच्या आसपास आटोपती घ्यावयाची होती. गौहरजानने ते कसब साधले. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव ठणकावून सांगे. पुष्कळांना त्यात गर्व दिसला, पण कारण साधे होते. मूळ मुद्रण छपाईसाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जाई आणि तेथल्या कारागिरांना तबकडीवर कोणाचे नाव छापावयाचे ते कळावे लागे. या तपशिलाकडे मला पुढे पुन्हा वळावयाचे आहे. ही गौहरजान अखेरीस म्हैसूर दरबारच्या आश्रयाला आली आणि १९३० साली म्हैसुरातच वारली.

तबकडीने संगीत जागेपासून सोडवले, परंतु ते एकट्याचे केले नाही. ग्रामोफोनचा कर्णा मोठा होता. घरात वाजला तर आळीला ऐकू जाई आणि दुकानात वाजला तर रस्त्याला. शाळकरी वयाच्या भीमसेन जोशींनी एका दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ऐकली आणि त्या आवाजाने त्यांना असे वेड लावले की १९३३ साली, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घरातून निघून गेले. ही कथा सर्वश्रुत आहे. मात्र तिच्यातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. ती तबकडी त्या मुलाच्या मालकीची नव्हती, ती लावा असे त्याने कोणाला सांगितले नव्हते, आणि दुकानदारानेही ती त्याच्यासाठी लावलेली नव्हती. दुसऱ्याचे गाणे वाटेत कानावर पडले, एवढेच.

त्यानंतर नभोवाणी आली. या बाबतीत कर्नाटकाचा मान मोठा आहे. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या घरात एक लहानसे प्रक्षेपण केंद्र सुरू केले, त्याला ‘आकाशवाणी’ असे नाव मिळाले आणि पुढे तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले. १९५५ मध्ये ते केंद्र बंगळूरला आले. रेडिओचे गाणे आपल्या हुकमतीत नसते. ते ज्या वेळी लागेल त्या वेळी ऐकावयाचे, आणि घरात जे जे कोणी असतील त्या सर्वांनी ऐकावयाचे. आजोबांमुळे नातवाला रागदारी आणि नातवामुळे आजोबांना सिनेमाची गाणी अशी देवघेव एका यंत्राने घडवून आणली.

१९७९ या वर्षी दोन गोष्टी घडल्या. जपानमध्ये सोनी कंपनीने वॉकमन विकावयास काढला. पट्ट्याला अडकवावा, कानांवर हेडफोन चढवावा आणि चालू लागावे. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी एक नव्हे, दोन खाचा ठेवलेल्या होत्या. चारचौघांत एकट्यानेच गाणे ऐकत बसणे हा उद्धटपणा दिसेल, अशी शंका कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना आली होती. दुसरी खाच ही शेजाऱ्यासाठी होती. लोकांना तिची गरज वाटली नाही आणि नंतरच्या नमुन्यांतून ती नाहीशी झाली. माझ्या मते या यंत्राच्या इतिहासातील सर्वांत बोलका तपशील हाच.

त्याच वर्षातील दुसरी गोष्ट बंगळूरची. येथील अभियंते आणि वेणुवादक जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तानपुरा तयार केला. तानपुऱ्याची भोपळ्यापासून खुंट्यांपर्यंतची सारी दौलत एका पेटीत आली. जुन्या जाणकारांनी नाके मुरडली, परंतु एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला आणि आगगाडीने हिंडणाऱ्या गायकाला तिने मोठा आधार दिला. आज महाराष्ट्रात गाणे शिकणाऱ्या मुलांच्या घरांत अशी पेटी किंवा तिची फोनमधली आवृत्ती सर्रास आढळते. वॉकमनने ऐकणारा सुटा केला, या पेटीने गाणाराही सुटा केला.

आता आकड्यांच्या युगाकडे वळू. सीडीवर आवाज साठवताना त्याचे दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतात. हे आकडे इतके होतात की छोट्या यंत्रात ते मावणे अशक्य. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी या प्रश्नावर अनेक वर्षे खपत होते. त्यांनी आधार घेतला तो मनुष्याच्या कानाच्या उणिवेचा. ढोल घुमत असता शेजारची कुजबूज आपल्याला ऐकू येत नाही. मग ती साठवावयाची कशाला? कानाला न जाणवणारे वगळत गेले की मूळ आकड्यांच्या अकराव्या हिश्श्यात काम भागते. ही पद्धत आंतरराष्ट्रीय प्रमाणात १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि १९९५ मध्ये तिला ‘एमपी३’ हे सुटसुटीत नाव पडले. मौज अशी की, पद्धत पारखण्यासाठी ब्रांडेनबुर्ग यांनी जे गाणे पुनःपुन्हा वापरले, ते सुझॅन व्हेगा या गायिकेने कोणत्याही साथीवाचून गायलेले होते. भोवती वाद्ये नसली की आवाजातील लहानसा डागही उघडा पडतो. आपल्याकडील आलापी ऐकणाऱ्यांना हे पटवून देण्याची गरज नाही. कमी दराने दाबलेल्या मुद्रणात गळा बराचसा तगतो, पण मागच्या तानपुऱ्याची वरची झिणझिण खरखरीत होते, असा माझ्या कानांचा तरी अनुभव आहे.

१९९८ मध्ये कोरियाच्या सेहान कंपनीचा ‘एमपीमॅन’ आणि मागोमाग अमेरिकेतला ‘रिओ’ ही यंत्रे बाजारात आली. रिओची स्मृती ३२ मेगाबाइटची, म्हणजे सुमारे अर्ध्या तासाची. तीन मिनिटांच्या गाण्यांची दहा-अकरा नगांची शिदोरी त्यात बसे, पण विलंबित ख्याल रंगू लागण्याच्या सुमारास यंत्रातील जागा संपावी! २००१ च्या ऑक्टोबरात अॅपल कंपनीचा आयपॉड आला, तो पाच गिगाबाइटची चकती पोटात घेऊन. हजार गाणी खिशात मावतील अशी त्याची जाहिरात होती. या हजारांत चार मिनिटांचे एक गाणे असा हिशेब धरलेला आहे. आपला पाऊण-एक तासाचा ख्याल धरला तर त्यात सत्तर-ऐंशी ख्याल बसतात. हा हिशेब मला थक्क करतो. गौहरजानच्या काळात एक ख्यालही यंत्रात मावत नव्हता. शंभर वर्षांच्या आत साऱ्या घराण्याची पुंजी कोटाच्या खिशात घालून हिंडता येऊ लागले.

बंगळूर या उद्योगापासून दूर नव्हते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने १९८५ मध्येच येथे चिपांच्या आराखड्यांचे केंद्र उघडले होते. तेथून बाहेर पडलेल्या काही अभियंत्यांनी २००१ साली ‘इत्तियम’ ही कंपनी येथे स्थापन केली आणि ध्वनी व चित्रे दाबण्या-उलगडण्याचे तंत्र तिने जगभर विकले. गिऱ्हाईकांचे बंगळूर मात्र निराळे होते. ते सादर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे लोकांच्या ‘एसपी रोड’वर, बोटभर लांबीचे स्वस्त प्लेअर घासाघीस करून घेत होते, आणि कोपऱ्यावरचा मोबाईलवाला थोड्या पैशांत मेमरी कार्डावर गाणी भरून देत होता. ती गाणी कोणाच्या हक्काची, हा प्रश्न त्या टपरीवर कोणी विचारीत नसे.

मीही त्या काळात असा एक प्लेअर बाळगला होता. माझ्याजवळच्या सीडी आणि कॅसेटी त्यात उतरवण्यात कित्येक रविवार गेले. तेव्हा ध्यानात आले की, हे यंत्र ‘गाणे’ या एकाच मापाने जग मोजते. त्याला गायक, गाणे आणि संग्रह एवढी तीनच खणे ठाऊक. राग कोठे लिहावा? ताल कोठे? बडा ख्याल आणि छोटा ख्याल ही दोन गाणी की एकच? सीडी काढणाऱ्यांनी कोठे आलाप वेगळा तोडलेला, कोठे सलग ठेवलेला. तुकडे जेथे जुळत तेथे क्षणभर शांतता पडे आणि तानपुरा मध्येच श्वास घेतल्यासारखा थांबे. गायकांची यादी वर्णानुक्रमे लागे, त्यामुळे ‘पंडित’ या उपाधीच्या कृपेने निम्मे गायक ‘प’खाली गर्दी करून बसले आणि उरलेल्यांतील बरेच ‘उस्ताद’ म्हणून ‘उ’खाली. त्यात क्रम विस्कटून वाजवण्याचे एक बटण होते. ते चुकून दाबले गेले की रात्री अकरा वाजता मालकंस संपून भैरव सुरू होई. ज्या संगीताने प्रहरांची शिस्त शतकानुशतके पाळली, त्याला ही थट्टा सोसत नाही.

तरीही या यंत्राचे उपकार मी नाकारणार नाही. मंदिरापासून पुढे पायी फिरावयास जाताना पाऊण तासाचा पुरिया अखंड ऐकता आला, तो त्याच्यामुळेच. तबकडीने कलेला छाटले होते. हिने तिची लांबी परत दिली. शिवाय ज्या घरात संगीताची आवड एकालाच आहे, त्या घरात शांतताभंग न करता ऐकण्याची सोय ही काही लहान गोष्ट नव्हे. पण माझा पुरिया माझ्यापाशीच राहिला. वाटेने भेटलेल्या एकाही मुलाच्या कानावर तो पडला नाही, आणि कोणी थांबून ‘हे कोण गात आहे?’ असे मला विचारले नाही.

२०१७ मध्ये ‘सारेगामा’ने, म्हणजे जुन्या एचएमव्हीच्याच वारसदार कंपनीने, ‘कारवां’ नावाचे यंत्र काढले. रूप जुन्या ट्रान्झिस्टरचे, आत पाच हजार हिंदी गाणी आधीच भरलेली, सोबत अमीन सायानींची गीतमाला. पुढे मराठी गाण्यांचा कारवांही आला. किंमत आरंभी सहा हजार रुपयांच्या घरात होती. गाणी निवडण्याची, उतरवण्याची खटपट नाही. कळ फिरवावी आणि ऐकावे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यात नवे फार थोडे होते. तरी तो खपला, आणि मुख्यतः मुलांनी आईबापांसाठी घेतला. त्याला कर्णा आहे, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. बनशंकरीच्या एखाद्या उद्यानात बाकावर तो वाजत असला की फेरी मारणाऱ्याच्या वाट्याला येता-जाता दोन ओळी येतात. काहींना त्याचा त्रास होतो हेही खरे; सकाळी सहा वाजता माझाही झालेला आहे.

सुट्या प्लेअरचे युग आता सरले. एमपी३चे परवाने देणे फ्राउनहोफरने २०१७ मध्ये थांबवले आणि अॅपलने २०२२ च्या मे महिन्यात आयपॉड बंद केला. गाणे आता फोनवर दूरच्या भांडारातून येते. ते आपल्या मालकीचे नसते; वर्गणी थांबली किंवा भांडारवाल्याचा आणि कंपनीचा करार मोडला की ते यादीतून उठून जाते. प्लेअरमध्ये उतरवलेले मुद्रण निदान कोणी न विचारता नेत नव्हते.

माझ्या जुन्या प्लेअरची बॅटरी आता धरत नाही. आतील मुद्रणे मात्र संगणकावर काढून ठेवली आहेत आणि त्यांना नव्याने नावे देण्याचे काम चालू आहे: आधी राग, मग गायक, मग ठाऊक असेल तर साल. दोनशेहून अधिक झाली, तेवढीच अजून व्हावयाची आहेत. काहींच्या बाबतीत आवाज ओळखीचा वाटतो, पण गाणारा कोण हे ठामपणे सांगता येत नाही. मुद्रणाच्या शेवटी आपले नाव सांगण्याची रीत गौहरजानच्या पिढीबरोबर संपली.