रेटिंग घसरले, खेळ नाही

मी राहतो त्या विस्कॉन्सिन राज्यात, मिल्वॉकी शहरात, अर्पाद एलो नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होऊन गेले. बुद्धिबळपटूंना रेटिंग देण्याची त्यांची पद्धत अमेरिकेच्या संघटनेने १९६० साली आणि 'फिडे'ने १९७० साली स्वीकारली.

हिशेब साधा आहे. जिंकणाऱ्याला जेवढे गुण मिळतात, साधारण तेवढेच हरणाऱ्याचे जातात. आता नवखा येतो कमी गुणांवर, भराभर शिकतो आणि वर चढताना जुन्यांच्या खिशातले गुण नेतो. जुना गडी पूर्वीसारखाच खेळत असतो, तरी त्याचा आकडा उतरतो!

१९७२ साली रेक्याविकला फिशरने स्पास्कीला हरवले आणि अमेरिकेत अशी लाट आली. त्याहून मोठी आली २०२० साली. आधी टाळेबंदी, मग ऑक्टोबरात 'द क्वीन्स गँबिट' ही मालिका. लाखो नवखे ऑनलाइन खेळू लागले. 'लिचेस'वर नव्याचा आकडा सुरुवातीला मोठ्या उड्या मारतो, समोरच्याचा मात्र थोडाच हलतो. त्यामुळे धक्का कमी बसतो. नवशिके वाढल्याने सरासरी खाली आली, तरी तो दोष कुणाच्या खेळाचा नव्हे.

प्रत्यक्ष स्पर्धा बंद होत्या, तेव्हा पोरे घरी बसून तयार झाली आणि जुन्याच रेटिंगवर पटाशी परतली. शेवटी मार्च २०२४मध्ये फिडेने २०००च्या खालच्यांना, २०००ला जेवढे कमी पडत होते त्याच्या ४० टक्के गुण एकदाच वाढवून दिले. १५००चे झाले १७००.

तुमच्या ओळखीचे एखादे काका शाळकरी पोरांकडून हरून, गुण गेले म्हणून क्लब सोडायला निघाले असतील, तर त्यांना हा हिशेब जरूर सांगा.