निळ्या तोंडाची केबल

२००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं आणि आमच्या जालना जिल्ह्यातही अनेकांनी मॉनिटरची केबल पहिल्यांदा हातात धरली. निळं तोंड, दोन स्क्रू, तीन ओळींत १५ पिना. ही व्हीजीए. आयबीएमने ती १९८७ साली आणली. आमचा जिल्हा (१ मे १९८१) तिच्याहून सहाच वर्षांनी मोठा!

तिच्यात लाल, हिरव्या, निळ्या रंगाला वेगळी तार. निळ्याची पिन तुटली की पांढरा पडदा पिवळा दिसतो. रंगमिश्रणाचा याहून सोपा धडा मला तरी माहीत नाही.

पुढे १९९९ला डीव्हीआय, २००२ला एचडीएमआय. डिसेंबर २०१०मध्ये इंटेल, एएमडी वगैरेंनी २०१५पर्यंत व्हीजीए बंद करायचं जाहीर केलं. पण शाळेत मॉनिटर संगणकापेक्षा जास्त जगतो, त्याचं काय? नुसती तार बदलून भागत नाही. एचडीएमआयमधून आकडे येतात, जुन्या मॉनिटरला कमीजास्त होणारा विद्युतदाब लागतो. मध्ये कन्व्हर्टरची डबी हवी. मॉनिटर भंगारात देण्याआधी ती लावून पाहा. घेताना दिशा मात्र बघा; व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारी डबी वेगळी असते.