एकाच दिनदर्शिकेत अनेक वेळापत्रके : जोडणी आणि दक्षता

नवी दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. तेथील एखाद्या कुटुंबाला कार्यालयीन बैठका, शाळेच्या परीक्षा आणि सणवार वेगवेगळ्या सेवांवर नोंदलेले असले, तरी संगणकावरील एकाच दिनदर्शिकेत पाहता येतात. त्यासाठीचे ‘आयकॅलेंडर’ हे सामायिक स्वरूप १९९८ मध्ये निश्चित झाले आणि २००९ मध्ये सुधारण्यात आले. आयात केलेली फाईल पुढे अद्ययावत होत नाही. दुवा जोडल्यास नोंदी केवळ वाचता येतात आणि मूळ बदल उमटण्यास काही तास लागू शकतात. २००७ मधील ‘कॅलडॅव्ह’ पद्धतीने खाते जोडल्यास बदल दोन्हीकडे होतात. त्यामुळे ऐनवेळी बदलणाऱ्या बैठकांसाठी खातेजोडणी अधिक भरवशाची ठरते. गुप्त दुवा हाती आलेल्या कोणालाही दिनक्रम वाचता येतो. तो उघड झाल्यास तत्काळ बदलावा.